पाच मिनिटांवर समुद्र

ऑक्टोबर आला की माझं डोकं फिरतं. आता तुम्ही म्हणाल, ऑक्टोबरमध्ये मुंबईत कुणाचं फिरत नाही? खरंच आहे. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि मधल्या मध्ये हा महिना आपल्याला भाजून काढतो. नाहूरला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत नऊला वाळत टाकलेली चादर साडेदहाला पापडासारखी कडक होते. पावसाने भिंतींना आणलेली ओल सुकते आणि पोपडे गळायला लागतात. खालच्या मजल्यावर कुणीतरी दिवाळीच्या आधी रंग काढायला घेतलेला असतो, त्याचा वास जिन्याने वर येतो. हे सगळं मला पूर्वी आवडायचं. ते पांढरंशुभ्र, धुतल्यासारखं ऊन तर फारच. आता आवडत नाही. सरळ सांगते, मला ह्या महिन्याचा राग येतो.

परवा रविवारी माळा साफ करायला काढला. स्टुलावर चढून एकेक वस्तू खाली टाकत होते. जुना मिक्सर, आमच्या केतकीच्या दहावीच्या वह्या, कंदिलाचा सांगाडा. त्यांच्या मागून ती बॅग आली. निळी, छोटी, दोन चाकांची. खाली पडली तशी चाकांवर घरंगळत पार मोहनच्या खुर्चीपर्यंत गेली. त्याने मान त्या आवाजाकडे वळवली. मी स्टुलावरच उभी राहिले. सासूबाई आतल्या खोलीत झोपलेल्या होत्या, आणि घरात पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

मोहन माझा नवरा. सव्वीस वर्षं झाली लग्नाला. विक्रोळीच्या एका कारखान्यात तो क्वालिटीला होता. म्हणजे काय, तर यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग हातात घ्यायचा, उजेडात धरायचा, गेज लावून मोजायचा आणि केसाएवढा जरी फरक असला तरी बाजूला टाकायचा. त्याच्या डोळ्यांतून सुटलं असं कधी व्हायचं नाही. घरीसुद्धा तेच. माझ्या ब्लाउजचं एक हुक खालीवर लागलेलं असलं तर ह्याला दारातून दिसायचं. मी चिडायचे, "अरे, मी काय तुझ्या कारखान्यातला नटबोल्ट आहे?" त्यावर म्हणायचा, "नटबोल्ट बरे. ते उलट बोलत नाहीत."

आधी त्याला संध्याकाळचं दिसेनासं झालं. जिन्यात अडखळायचा, ताटाबाहेर आमटी सांडायचा, आणि आम्हाला वाटायचं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मग बाजूचं दिसेना. समोरचं स्वच्छ, पण दोन्ही कडा काळ्या. "नळीतून बघितल्यासारखं वाटतं गं," म्हणायचा. डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला. गावी त्याचे एक काका असेच आंधळे होऊन गेले होते, ते तेव्हा कुणाला तरी आठवलं. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि अगदी सहज आवाजात सांगितलं, की अजून दोन-तीन वर्षं मिळतील, जे बघायचं असेल ते बघून घ्या.

जे बघायचं असेल ते! आम्ही दवाखान्याच्या बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभे राहिलो आणि मला काही सुचेना. आम्ही कधी काही बघितलंच नव्हतं. सुट्टी म्हणजे गाव, नाहीतर लग्नकार्य. दोघांनीच असं कुठे जाणं झालंच नाही. लग्न झालं तेव्हा दीड खोलीत सहा माणसं होतो, मग केतकी झाली, मग सासऱ्यांचं आजारपण. केतकी आता बंगळुरूला नोकरी करते. तिला कळल्याबरोबर तिने जयपूर, उदयपूर, म्हैसूर, सगळीकडची हॉटेलं पाठवायला सुरुवात केली. "बाबा, तुम्ही फक्त शहर सांगा."

मोहन म्हणाला, "मुंबई."

आम्हा नाहूर-मुलुंडच्या जुन्या लोकांचं हे असंच असतं. राहायचं मुंबईत आणि फोर्टात निघालं की म्हणायचं, "आज जरा मुंबईला जाऊन येतो." मोहनचा जन्म परळच्या चाळीतला. वडील गिरणीत. तो सहा वर्षांचा असताना ते सगळे नाहूरला आले. पण त्याच्या आधीच्या काही रविवारांत वडील त्याला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर नेऊन बसवायचे. चणे घ्यायचे, सूर्य पाण्यात जाईपर्यंत बसायचे आणि मग बसने घरी. गिरणी बंद पडल्यावर वडील पुन्हा कधी तिकडे गेले नाहीत. मोहनही कामाशिवाय गेला नाही. गेला तरी चार वाजले की परतीची घाई. "मला तिथे सूर्य बुडताना बघायचाय," म्हणाला. "आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोर्टातल्या इमारतींवरची नक्षी. दगडात माकडं कोरलीयत, घुबडं कोरलीयत. एकेक करून बघेन. माझ्या नळीत एका वेळी एक माकड मावतं."

आता ह्यात अडचण काय, ते बघा. सूर्य बुडाला की मोहनचा दिवसच संपायचा. अंधारात त्याला रस्ता, पायरी, माणूस, काही म्हणता काही दिसायचं नाही. तिथून नाहूर म्हणजे तासा-दीड तासाचा प्रवास, गर्दी, पूल, रिक्षा. आंधळ्या माणसाचा हात धरून न्यावं तसं न्यावं लागलं असतं, आणि ते त्याला मरणाहून वाईट वाटायचं. म्हणून मी म्हटलं, आपण तिथेच राहू. समुद्राजवळच एक हॉटेल घेऊ. सूर्य बुडाला की पाच मिनिटांत खोलीत. सकाळी उजेड झाला की पुन्हा बाहेर.

सासूबाईंना सांगितलं तर त्या आ वासून बघत राहिल्या. "घर असताना लॉजात कित्याक?" त्यांचंही चूक नाही. आमच्याकडे हॉटेल म्हणजे वडा-उसळ खायचं ठिकाण. राहायचं तो लॉज, आणि लॉज म्हटलं की भुवया वर जातात. म्हणून शेजारच्या पवारवहिनींना मी सांगितलं, नाशिकला चाललोय. उगाच लोकांच्या तोंडाला विषय कशाला?

तो अख्खा महिना मी हॉटेल शोधण्यात घालवला. आणि खोटं कशाला बोलू, तेवढी मजा मला आयुष्यात कशात आली नव्हती. मी एका सरकारी कचेरीत दाखल्यांच्या खिडकीवर असते. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खायचा आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर नकाशा मोठा-छोटा करायचा. खोलीत काय काय आहे हे मी बघतच नव्हते. मला फक्त जागा बघायची होती. समुद्रापर्यंत किती वळणं, किती सिग्नल, फुटपाथ सलग आहे की मध्ये कुणी खोदून ठेवलाय. एक हॉटेल सुंदर होतं, पण दाराला अकरा पायऱ्या. एक अगदी समुद्रासमोर, पण ते आमच्यासारख्यांसाठी नव्हतं. एकाच्या गल्लीत दिवे कमी होते. वहीच्या मागच्या पानांवर मी सगळं टिपून ठेवलं. मोहन हसायचा. "शुभा, कारखान्यात माझ्या जागेवर तुला घ्यायला हवं होतं."

शेवटी एक सापडलं. एका शनिवारी मी एकटी जाऊन प्रत्यक्ष चालून आले. हॉटेलच्या दारापासून कठड्यापर्यंत चारशे बारा पावलं. एकच सिग्नल. दाराशी फक्त दोन पायऱ्या, त्याही रुंद. गल्ली थेट पश्चिमेला तोंड करून, म्हणजे संध्याकाळचं ऊन दारातून आत येणार. आत जाऊन विचारलं, तर काउंटरवरचा माणूस छान बोलला, म्हणाला खोली मिळेल. केतकीने मोबाइलवरून बुकिंग केलं. मी घरी आले ती अशी, की जणू मीच ते हॉटेल बांधलंय. चारशे बारा, चारशे बारा, असं मोहनला दहादा सांगितलं. रात्री जेवताना तो म्हणाला, "झकास काम केलंस." त्याच्या तोंडून असं सहसा निघत नाही.

त्याच्यासाठी पांढरा शर्ट घेतला, सकाळी फोर्टात फिरताना घालायला. स्वतःसाठी काही घेतलं नाही. राणी रंगाची साडी होती, ती काढली. राणी रंग त्याला लांबून ओळखू यायचा.

मागच्या ऑक्टोबरमध्ये एका दुपारी टॅक्सीने गेलो. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या पुढे तिवरांचा हिरवा पट्टा लागतो. तिथे मोहनने काच खाली केली. ऑक्टोबरच्या उन्हात तिवरं अशी लखलखत होती की माझेच डोळे दिपले. तो एकेक बघत होता, मान हळूहळू फिरवत, नेहमीसारखी. "ह्या उन्हात मला सगळं दिसतं गं," म्हणाला. "बाकीचे लोक शिव्या घालतात ह्या महिन्याला. माझा तर हाच सीझन." मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. टॅक्सीवाला आरशातून बघतोय हे कळूनही काढला नाही. पन्नाशीला आल्यावर नव्याने लग्न झाल्यासारखं वाटत होतं, आता काय सांगू!

पाचच्या सुमाराला हॉटेलात पोचलो. काउंटरवर तोच माणूस. मी आमची दोन आधार कार्डं पुढे केली. त्याने ती हातात घेतली, पत्ता वाचला, आणि परत माझ्यापुढे सरकवली.

"सॉरी मॅडम. लोकल आयडी चालत नाही."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही मुंबईचेच ना? मुंबईच्या पत्त्यावर रूम देत नाही आम्ही. कपलला तर नाहीच."

"आम्ही नाहूरला राहतो," मी म्हटलं.

"नाहूर मुंबईतच येतं ना, मॅडम?"

आयुष्यात पहिल्यांदा ह्या बाजूच्या कुणीतरी नाहूरला मुंबई म्हटलं, आणि तेही आम्हाला बाहेर काढताना! आजवर ह्या लोकांना नाहूर सांगितलं की विचारायचे, ते कुठे आलं, ठाण्याच्या पुढे का?

मला माहीतच नव्हतं हो. कुठून माहीत असणार? आपल्या शहरात हॉटेलात राहायला आमच्यातलं कोण कधी गेलंय? मी वळणं मोजली, पायऱ्या मोजल्या, सिग्नल मोजले. त्या शनिवारी त्याच माणसाला खोली आहे का विचारलं, पण आम्ही कुठून येणार ते ना त्याने विचारलं, ना मी सांगितलं. केतकीलाही सुचलं नाही. आणि मी कोण, तर चोवीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसून लोकांना सांगणारी, "पत्त्याचा पुरावा आणा." पत्ता खरा असला, दोघांचा एकच असला, कागद स्वच्छ असले, की काम होतं, हे माझ्या हाडात मुरलेलं. आमचे पत्ते खरे होते आणि एकच होते, आणि नेमकं तेच तिथे चालणार नव्हतं.

माझं डोकं सटकलं.

"बुकिंग घेताना का नाही सांगितलं?"

"साइटवर खाली लिहिलेलं असतं, मॅडम."

"कुठल्या कायद्यात आहे हे? दाखवा मला. लेखी दाखवा."

"मॅडम, पोलिसांची कटकट असते. खाली-वर काही झालं तर आम्ही लटकतो."

"खाली-वर म्हणजे? माझ्या गळ्यात काय आहे दिसत नाही तुम्हाला? आमची मुलगी बंगळुरूला नोकरी करते!"

"मग लग्नाचा दाखला आहे?"

लग्नाचा दाखला. मी रोज खिडकीतून लोकांना दाखले देते, माझा स्वतःचा घरी कपाटात, कुलपात. सोफ्यावर बसलेला एक मनुष्य मोबाइलमधून मान वर काढून आमच्याकडे बघून हसला. मोहनकडे बघितलं, मग माझ्या साडीकडे. त्या हसण्याने मी पेटले. "मॅनेजरला बोलवा," म्हटलं. "आल्याशिवाय मी हलत नाही."

मॅनेजर दहा मिनिटांत येतोय, असं सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा दहा मिनिटं. मधल्या वेळात मी केतकीला फोन लावला, बुकिंगवाल्यांना लावला, त्यांच्या यंत्राने मला एक दाबा, दोन दाबा करत फिरवलं. मी मोठ्याने बोलत होते. माझा आवाज खिडकीवरचा आवाज आहे, तो समोरच्या रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत जातो.

मोहन बॅग घेऊन सोफ्यावर बसला होता, माझ्याकडे तोंड करून. दोनदा म्हणाला, "सोड ना, शुभा. चल." मी म्हटलं, "थांब दोन मिनिटं. का म्हणून सोडायचं? आपण काय पळून आलोय?"

दारातून ऊन आत आलं होतं. मी आधी चालून बघून ठेवलं होतं ना, पश्चिमेला तोंड म्हणून, अगदी तसंच. आम्ही आलो तेव्हा ते दारापाशीच्या फरशीवर होतं. मग आत आत सरकत गेलं. मी पाठमोरी भांडत होते, मला ते दिसत नव्हतं. मोहनला दिसत होतं. "ऊन पायावर आलंय गं," तो म्हणाला. माझ्या कानावर पडलं ते, आजही आठवतं, आणि मी हाताने त्याला नुसतं थांब म्हणून दाखवलं. थोड्या वेळाने ते ऊन त्याच्या चपलांवरून वर चढलं आणि समोरच्या इमारतीआड गेलं. मॅनेजर आला तेव्हा फरशीवर ट्यूबलाइटचा उजेड राहिला होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि काउंटरवरचा माणूस म्हणाला होता तेच इंग्रजीत सांगितलं.

मग मी वेड्यासारखी दुसऱ्या हॉटेलात घुसले. तिथे कार्ड बघून त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. तिसऱ्यात बाई होती, तिने निदान डोळ्यांत बघून सांगितलं, "काकू, आमचा नाइलाज आहे." तोवर मोहनचा हात माझ्या खांद्यावर आला होता. तो हात खांद्यावर कधी येतो, ते मला माहीत होतं. मी बाहेर बघितलं. अंधारायला लागलं होतं.

आम्ही कठड्याकडे गेलो. चारशे बारा पावलं नव्हती ती, कुठल्या तरी दुसऱ्याच गल्लीतून गेलो. माणसांची रांगच्या रांग समुद्राकडे तोंड करून बसली होती. आकाशात अजून रंग होता, नारिंगी, खाली जांभळा. सूर्य नव्हता. मी मोहनला कठड्यावर बसवलं. त्याने दोन्ही हात दगडावर पालथे ठेवले.

"गरम आहे अजून," म्हणाला.

"आत्ताच बुडाला रे," मी म्हटलं. "एका मिनिटाने चुकला बघ. अगदी आत्ता."

त्याने मान रस्त्याकडे वळवली. मग म्हणाला, "शुभा, दिवे लागलेत. मला ठिपके दिसतायत."

खरंच, मागे रस्त्याचे दिवे केव्हाच लागले होते. सूर्य बुडून अर्धा तास तरी झाला असेल. खोटंसुद्धा मला धड बोलता आलं नाही.

"आणि समुद्र?" मी विचारलं.

"माका दिसना नाय गो," तो म्हणाला. मालवणी त्याच्या तोंडात एरवी येत नाही, आईशी बोलतानाच तेवढी. नळीतून बघत असल्यासारखी मान त्याने डावीकडून उजवीकडे नेली, पुन्हा उजवीकडून डावीकडे, अगदी सावकाश, आणि मग हनुवटी छातीला टेकवली. आमच्या शेजारी एक जोडपं मोबाइल हात लांब करून धरून स्वतःचे फोटो काढत होतं. त्यांनी मला विचारलं, "आंटी, एक क्लिक कराल?" मी केलं. दोनदा केलं. एकात त्यांचे डोळे मिटले होते.

घरी आलो तेव्हा पवारवहिनी दारातच. "अगं बाई, नाशिकहून आजच परत?" मी म्हटलं, "ह्यांना बरं वाटत नव्हतं." तेवढं खरं बोलले.

पुढे मी खूपदा म्हटलं त्याला, पुन्हा जाऊ. केतकीने असं हॉटेल शोधून काढलं, जिथे लोकल पत्ता चालतो. फोन करून, नाव विचारून, दोनदा खात्री केली. मोहन म्हणाला, "नको. परत कुणी दारात उभं केलं तर? मला त्या सोफ्यावर परत बसायचं नाही." मी म्हटलं, राहायला नको, नुसतं जाऊन येऊ, मी धरून आणीन. त्यावर तो मानेनेच नको म्हणायचा. मग दिवाळी आली. मग सासूबाई मोरीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड गेलं, दोन महिने त्यांच्यात गेले. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी, असं आपण म्हणत राहतो ना, तसंच. डॉक्टरांनी दोन-तीन वर्षं म्हटलं होतं. होळीच्या सुमाराला एक दिवस तो चहाचा कप हातात घेऊन मला म्हणाला, "दिवा लाव ना जरा." सकाळचे दहा वाजले होते. गॅलरीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर पडत होतं.

लोक माझी समजूत घालतात. तू कुठे चुकलीस, म्हणतात, तू बरोबरच भांडलीस. हो, बरोबरच होते मी. हजारदा बरोबर होते. पण बरोबर असण्यात मी सव्वा तास घालवला, आणि तो सव्वा तास माझा नव्हता. मी पहिल्या नकारानंतर बॅग उचलली असती आणि चालायला लागले असते, तर त्याला सूर्य दिसला असता. येताना अंधार झाला असता, हात धरावा लागला असता, त्याला वाईट वाटलं असतं. वाटलं असतं तर वाटलं असतं! रात्री घरी येऊन झोपलो असतो, पण सूर्य बघून. एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही. हॉटेल, हॉटेल, हॉटेल. महिनाभर शोधलेली जागा हातची जातेय, ह्याचंच मला दुःख. ती जागा कशासाठी शोधली, ते मी त्या काउंटरवर विसरले.

खिडकीवर आता मी बदललेय का? फार नाही. संत वगैरे झालेले नाही मी. मध्ये चारकोपहून एक बाई आली होती. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा होता, कार्डावर पत्ता माहेरचा. नियमाने परत पाठवायला हवी होती. पूर्वी पाठवलीच असती, वर सुनावलंही असतं. तिच्या मागे भिंतीवर ऊन आलं होतं. मी उठून साहेबांची सही स्वतः घेऊन आले. ती मला हात जोडत होती आणि मला तिच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला परत पाठवलंच.

तर परवा ती बॅग. मी स्टुलावरून उतरले, बॅग उचलली, चेन उघडली. आत पांढरा शर्ट, घडी तशीच, कॉलरखालचा पुठ्ठाही तसाच. चेनचा आवाज ऐकून मोहन म्हणाला, "निळी आहे ना ती?"

"हो."

"शर्ट आहे आत?"

"आहे." मी शर्ट त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने कॉलरवरून बोट फिरवलं, शिवण चाचपली. क्वालिटीवाल्याचं बोट ते. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. वर्षभर जे विचारायचं टाळत होते, ते विचारलं.

"मोहन, त्या दिवसाचं तुला काय आठवतं रे?"

"तू," तो लगेच म्हणाला.

"मी?"

"मग कोण? तासभर तुलाच तर बघत होतो. काय दिवे होते गं त्यांच्याकडे, एकदम झक्क. आणि तू हलत नव्हतीस जागेवरून. आख्खीच्या आख्खी मावलीस नळीत. राणी कलर. भांडताना तुझं नाक फुगतं. कपाळावर इथे एक शीर येते. डोळे असे बारीक करतेस, ओठ आत ओढतेस." त्याने स्वतःच्या चेहऱ्यावर बोटाने सगळं दाखवलं, एकेक, मापं घेतल्यासारखं. "त्यानंतर एवढं स्वच्छ मला काही दिसलंच नाही. तेच राहिलंय. डोळे मिटले की तीच तू येतेस."

मला क्षणभर इतकं बरं वाटलं, काय सांगू. वाटलं, चला, सूर्य नाही तर नाही, मी तरी दिसले. मग हळूहळू डोक्यात शिरलं की तो काय सांगतोय. सव्वीस वर्षांतले सगळे चेहरे गेले, आणि एक राहिला, तो असा. मी त्या माणसावर खेकसत असतानाचा.

"आणि हसताना?" मी विचारलं. "हसताना आठवते का मी तुला?"

तो विचार करत राहिला. खरंच शोधत होता, हे मला दिसत होतं. मान थोडी डावीकडे नेली, थोडी उजवीकडे. खाली रंगवाल्याची शिडी भिंतीवर घासल्याचा आवाज येत होता. गॅलरीतून ऊन आत येऊन फरशीवर पसरलं होतं.

"आवाज आठवतो हसल्याचा," तो म्हणाला. "चेहरा नाही येत गं."

मी हसले. त्याच्यासमोर तशीच, तोंड त्याच्याकडे करून, बराच वेळ हसत राहिले. मग लक्षात आलं की आवाज करायला हवा होता.